शकूचा अंदाज

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. शकू, माझी धाकटी बहीण, गेल्या महिन्यात गेली. तिच्या तेराव्याला पानं वाढली जात असताना आमचे एक मेहुणे म्हणाले, "शकूताईंचा जेवणाचा अंदाज जन्मात एकदाच चुकला, तोही सख्ख्या भावाच्या घरी!" चांगल्या मनाने बोलले होते ते. पंगतीत हलकंसं हसू पसरलं. मीही हसलो. खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. आता मी एकटाच उरलो आहे.

शकू नाशिकरोडच्या एका शाळेत शिक्षिका होती. मधल्या सुट्टीनंतर कचऱ्यात पोळीभाजी दिसली की तिचा जीव तुटायचा, पण मुलांना तिने कधी उपदेश केला नाही. डबा उरला तर घरी बोलणी बसतात म्हणून मुलं तो शाळेतच रिकामा करतात, हे तिने हळूच काढून घेतलं. मग आयांना बोलावून म्हणाली, "उरलेलं घरी येऊ द्या, आणि रागवू नका. काय उरलं ते बघा, उद्या तेवढं कमी द्या." एक आई म्हणाली, "बाई, कमी दिलं तर सासूबाई म्हणतील, पोराला उपाशी मारते." शकू म्हणाली, "त्यांना माझ्याकडे पाठवा. मलाही सासू होती!" तिच्या घरी रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी, वरण उरलं की ते थालीपिठात. "तुझ्याकडे ताजं कधी मिळणार ग?" असं मी चिडवायचो. "आधी सांगून येत जा, मग मिळेल," ती म्हणायची.

निवृत्तीनंतर तिने लग्नांचं मनावर घेतलं. जेवायला किती जण येणार, असं विचारणं आपल्याकडे अपमान समजतात. म्हणून यजमान धास्तीने जास्तीचं रांधतो आणि संध्याकाळी कार्यालयाच्या मागे भाताचे ढीग पडतात. शकू यजमानाच्या वतीने घरोघरी फोन करायची आणि इतक्या गोडीने विचारायची की लोक न रागावता खरं सांगत. काही लग्नं तिने अशी नीट पार पाडली. एकदोन कार्यालयवाले येणाऱ्या पार्टीला तिचं नाव सुचवू लागले होते. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मीच तिला म्हणालो, "आपल्याकडचंही तूच बघ."

लग्न तोंडावर आलं असताना निफाडहून माझ्या चुलतभावाचा, भाऊसाहेबाचा फोन आला. "काय रे, पोरीचं लगीन हाय का खानावळ काढली? तुझी बहीण इचारते, जेवायला किती जण! लय मोठे झाले का तुम्ही?" मला ते झोंबलं. "तिचं काय मनावर घेतोस? अख्खी गल्ली घेऊन ये," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण देवळाली कॅम्पात माझी सगळी नोकरी झालेली... तिथल्या बाजारात जो भेटेल त्याला मी "सहकुटुंब या" म्हणत सुटलो. मुलीच्या लग्नात बाप म्हणून मिरवायचं होतं. संध्याकाळी शकूने विचारलं, "दादा, आणखी कुणी वाढलं का? अजून सांगितलंस तरी चालेल." मी म्हणालो, "छे, कोण वाढणार?" माणसं वाढवल्याचं तिला सांगायची लाज वाटली, एवढंच कारण.

लग्नाच्या दिवशी निफाडहून भरलेल्या गाड्या आल्या. वरपक्षाची शेवटची पंगत बसली तेव्हा आधी जिलबी संपली, मग मसालेभात. नवऱ्यामुलाचे काका पानावरूनच म्हणाले, "मोजूनमापून लग्न दिसतंय!" विहीणबाईंचा चेहरा उतरला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मोठ्याने म्हणालो, "मी सगळं बहिणीवर सोपवलं होतं. तिचंच गणित चुकलं."

शकू मठ्ठ्याचं भांडं घेऊन तिथेच उभी होती. तिने हात धुऊन परतणाऱ्या निफाडच्या मंडळींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं. एक वाक्य बोलली असती तर मी उघडा पडलो असतो... तिने भांडं खाली ठेवलं आणि विहीणबाईंपुढे हात जोडले. "चुकलं माझं. जरा वेळ द्या, गरम भात आणते." भाचीच्या संसाराला पहिल्याच दिवशी बोल लागू नये, म्हणून तिने स्वतःला लावून घेतला.

त्यानंतर कार्यालयवाल्यांनी तिला बोलावणं बंद केलं. एकाने तोंडावर सांगितलं, "मॅडम, घरच्याच लग्नात असं झालं. आता पार्टीला काय सांगू?" तिने पुन्हा कुणाच्या लग्नासाठी फोन फिरवला नाही. निवृत्त झाली तरी जुन्या शाळेत मात्र अधूनमधून जात राहिली, आयांशी बोलत राहिली. दर भाऊबीजेला मला ओवाळलं, त्या दिवसाचं नाव कधी काढलं नाही. तिच्या गप्प राहण्याला मी माफी समजत राहिलो. ते माझ्या सोयीचं होतं.

शेवटच्या आजारपणात सगळं सांगायचं ठरवूनच तिच्याकडे गेलो होतो. सून तिला पेज भरवत होती. "अर्धी वाटीच घे ग, बाकीची टाकावी लागेल," ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दादा, जेवून जाशील ना? म्हणजे कणीक तेवढी भिजवते ती." मी हो म्हणालो. तिच्या उशाशी बसलो. शब्द ओठांवर आले होते... आणि मी म्हणालो, "वणीच्या देवीचा अंगारा आणलाय." तिने तो कपाळाला लावून घेतला. जेवून मी घरी आलो.

परवा पुन्हा तिच्या घरी गेलो. सकाळी सून स्वयंपाकघरातूनच विचारत होती, "आज कोण कोण जेवायला आहे?" आतल्या खोल्यांतून एकेक उत्तर येत होतं, कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शकूच्या पलंगावर धुतलेली चादर घातली होती. मी तिथे जाऊन बसलो आणि जे तोंडातून निघत नव्हतं ते मनात म्हणून पाहिलं. आज ते सगळ्यांच्या देखत लिहितो. शकू, ती माणसं मी बोलावली होती. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, आणि भर पंगतीत तुझं नाव पुढे केलं. मला माफ कर ग.