चिमाबाईने मीठ सोडलं त्या वर्षी

चिमाबाईची खाणावळ म्हणजे पाटी-बाकडी असलेलं काही नव्हतं. सिल्वासाच्या आमली भागात पत्र्याच्या दोन खोल्या, एक चूल, एक स्टोव्ह आणि गलोंड्याच्या धाग्याच्या कंपनीत पाळी करणारी चौदा माणसं. सगळी शिरपूर-शहाद्याकडची. मीही त्याच कंपनीतून दोनदा काढलेली बाई. दुसऱ्यांदा काढलं तेव्हा कायद्याची पुस्तकं स्वतःच वाचायला बसले आणि संघटना उभी केली. जेवायला मात्र चिमाबाईकडे. मी तिला मावशी म्हणायची, ती मला चंदे.

त्र्याऐंशी साली मावशी पंचावन्नची होती. तेव्हा तीन आठवडे तिला झोपच नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्याला ओढून आणून जेवू घालायची. नवी भांडी वाटून टाकली. मॅनेजरच्या स्कूटरवर जाऊन बसली आणि म्हणाली, कंपनी आता मी चालवणार. तिने चालवली असती तर बरी चालली असती, पण ते असो. पुढचे चार महिने ती भिंतीकडे तोंड करून पडली. लोक म्हणाले, बाहेरचं आहे, सुरंगीच्या भगताकडे न्या. मी सगळ्यांशी भांडून तिला वापीच्या दवाखान्यात नेलं. तिथे दर गुरुवारी वलसाडहून मनाच्या आजाराचे डॉक्टर येऊन बसत.

त्यांनी लिथियमची गोळी लिहून दिली. बजावलं, गोळी चुकवायची नाही, दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि पाणी-मीठ नेहमीसारखं, त्यात कमीजास्त नको. गोळी चुकवायची नाही एवढं मी डोक्यात पक्कं केलं. बाकीचं कागदावरच राहिलं. रक्त सुरतेला पाठवावं लागे. पहिली काही वर्षं पाठवलं, मग मावशी इतकी सरळ चालली की मीच ढिली पडले.

ब्याण्णवच्या जूनमध्ये कंपनीने अकरा जण काढले. मावशीचा मुलगा नवनाथ त्यांत होता. आम्ही गेटवर धरणं धरून बसलो.

श्रावणात जेवणारे कुरकुरायला लागले. एकाने ताट बाजूला सारलं.

"मावशी, वरणात समुद्र ओतलाय काय?"

"खायचं तर खा. नाहीतर घरी जाऊन आईच्या हातचं जेव."

दुसऱ्या दिवशी भाजी अगदीच सपक. मावशी आयुष्यभर हातावर थेंब घेऊन चाखणारी बाई. आता ती चाखतच नव्हती. मग हात थरथरायला लागले. भाकरी थापता थापता तिच्या हातात दुभंगायची. माझ्या डोक्यात लगेच आलं, हिने गोळ्या बंद केल्यात, जुनं दुखणं उलटतंय.

बुधवारी सकाळी मी तिला चुलीपाशी गाठलं.

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते की वं."

"खोटं बोलू नको. हात बघ तुझे."

"म्हातारी झाले मी. चौसष्टाव्या वर्षी काय हात नाचणार नाहीत?"

तिने पाकीट माझ्यापुढे टाकलं. हिशेबाने जेवढ्या संपायला हव्या होत्या तेवढ्याच संपल्या होत्या. मला वाटलं, फेकून देत असेल. गेटवर कामगार खात्याचा अधिकारी येणार होता, मला घाई होती. मी माझ्या हाताने एक जादा गोळी तिच्या तोंडात घातली आणि गिळेपर्यंत उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं.

गुरुवारी दहाच्या सुमारास सून दुर्गा धावत गेटवर आली. मावशीला पहाटेपासून उलट्या, जुलाब. उभी केली तर दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती. मी पोचले तेव्हा आतून तिचा आवाज येत होता, जीभ जड झालेली, शब्द अर्धे तोंडातच राहत होते. नवनाथने दाराला बाहेरून कडी घातलेली. बाहेर पंधरा-वीस माणसं.

"चंदाताई, ते परत आलंय. मागल्यासारखी बाहेर पळेल. भगताला निरोप धाडलाय," नवनाथ म्हणाला.

"पळेल? तिला बसता येत नाही, गाढवा. कडी काढ."

कडी मीच काढली. मागच्या खेपेला मावशी पेटलेली होती, तिच्या डोळ्यांत झोप नव्हती. आता तिचे डोळे मिटत होते, पायाचे स्नायू आपोआप उडत होते. हे ते दुखणं नव्हतं. मग कुठलं, हे मला कळत नव्हतं. काल घातलेली गोळी मात्र डोक्यातून जात नव्हती.

वस्तीतल्या भास्करचा धाग्याच्या पेट्यांचा टेम्पो कोपऱ्यावर होता. पेट्या उतरवल्या, मावशीला मागे गोधडीवर घातलं, गोळ्यांचं पाकीट मी पिशवीत टाकलं. वापीपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. भास्करला मी दोनदा शिव्या दिल्या, हळू म्हणून आणि लवकर म्हणून. दुर्गा सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. अर्धी वाट सरली तेव्हा ती रडत म्हणाली,

"ताई, सांगायचं नव्हतं. आत्याबाईंनी देवीला बोललंय. हे अकरा जण कामावर परत जात नाहीत तोवर मीठ नाही. आषाढी एकादशीपासून कण नाही घेतला. नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणून मी गप्प राहिले."

मला तो कागद आठवला. पाणी-मीठ नेहमीसारखं. 

गुरुवार होता म्हणून वलसाडचे डॉक्टर दवाखान्यातच होते. त्यांनी तिला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मीठ कमी केलंय का?"

"बंद. दीड महिना. आणि काल मी एक गोळी जादा दिली."

त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. सलाइनची बाटली लावता लावता म्हणाले, "अंगात मीठ कमी पडलं की शरीर हे औषध बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. त्यात वय. नऊ वर्षांपूर्वी जी गोळी बरोबर होती तीच आता जास्त झाली असणार. रक्त शेवटचं कधी तपासलंत?"

"दीड वर्ष झालं."

"लघवी होते का बघू. किडनीने साथ दिली तर वाचेल."

दोन दिवस आम्ही त्या बाटलीकडे आणि लघवीच्या भांड्याकडे बघत बसलो. नवनाथने भगताचा विषय काढला नाही. गेटवर काय चाललंय, ते मी कोणाला विचारलं नाही. शनिवारी दुपारी मावशीने डोळे उघडले आणि स्वच्छ शब्दांत विचारलं, "जेवणाऱ्यांचं कोण बघतंय?"

डॉक्टर त्या दिवशी वलसाडहून मुद्दाम आले होते. त्यांनी सांगितलं, काही दिवस गोळी बंद, मग अर्धी, रक्त बघून. आणि आजपासून मीठ. दुर्गाने मिठाची पेज आणली. मावशीने तोंड फिरवलं.

"अकरा कामावर गेले का?"

"नाही."

"मग मीठ नाही."

मी सुरू झाले, "मावशी, तुझ्या मिठाने मॅनेजरला काय फरक पडतो? तो तर..."

"तू गप बैस. तुला देवीचं काय कळतं?"

पुढचा अर्धा तास तिघांनी समजावलं. ती हलेना. पेज गार झाली. डॉक्टर दारात येऊन गेले, म्हणाले, मीठ पोटात गेलं नाही तर गोळी परत देता येणार नाही, आणि गोळीशिवाय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुर्गा उठली. हात धुऊन आली, वणीच्या देवीच्या दिशेला तोंड करून पदर पसरला.

"आत्याबाई, तुमचं बोललेलं मी माझ्यावर घेते. घरातल्या सुनेने घेतलेलं देवीला चालतं ना?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "पाळशील?"

"मी गोळी खात नाही. पाळीन."

"देवीला मोठ्याने सांग."

दुर्गाने सांगितलं. मावशीने तोंड उघडलं. चार चमचे पेज गेली. मग ती थांबली, मला जवळ बोलावलं. हात अजून थरथरत होता, बोट मात्र नेमकं माझ्याकडे होतं.

"चंदे, तू माझ्यासाठी लढलीस, ते मी विसरत नाही. पण गोळी आता दुर्गा देईल. तू नाही."

मी पिशवीतून पाकीट काढलं आणि दुर्गाच्या हातात दिलं.