साक्ष रद्द, मुदतवाढ मंजूर

"ताई, तुम्ही मागे बसाल का?" ईशान म्हणाला. बोलता बोलता त्यानं टेबलावरची माझ्या नावाची पाटी उचलली आणि कोटाच्या खिशात घातली. माझ्यादेखत.

मी खुर्चीत बसलेसुद्धा होते. समोर माईक होता. उंचावर संसदेच्या समितीचे खासदार एकेक करून येत होते.

"का?" मी विचारलं.

"चेअरमनच्या ऑफिसनं ऑब्जेक्शन घेतलं. जेल झालेली व्यक्ती विटनेस टेबलवर नको म्हणाले. प्लीज ताई, सीन नका करू."

मी उठले. सगळे बघत होते. भिंतीजवळच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

सगळ्यांना माहीत होतं मी कोण ते. आईबाबांबरोबर या परक्या देशात आले, त्यानंतर तरुणपणी माझ्या मित्रानं इथल्या एका दुकानात बंदूक दाखवली. बाहेर गाडीत मी होते. गाडी मी पळवली. त्याची शिक्षा मी भोगली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरची.

शिक्षेची मुदत पुरी व्हायच्या आधी सुटले, ती राष्ट्रीय पॅरोल मंडळाच्या ताब्यात. राहायचं कुठे, जायचं कुठे, हजेरी कधी द्यायची, सगळं तेच ठरवणार. चुकलं तर पुन्हा आत टाकणारही तेच. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, नेमकी त्याच दिवशी माझी हजेरी होती. मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत होते. पॅरोल ऑफिसरला फोन केला, मेसेज ठेवला. तरी मला उचललं. मंडळाच्या माणसानं व्हिडिओवर सुनावणी घेतली. मी बाबांचं सांगायला लागले.

"हजर होतीस की नव्हतीस?" त्यानं विचारलं.

नव्हते. संपलं. मी आत असतानाच बाबा गेले. आईनं सगळं एकटीनं केलं. मी पुन्हा सुटले, ती याच मंडळाच्या ताब्यात.

हे मंडळ खरं तर केव्हाच बंद व्हायला हवं होतं. कायद्यानं त्याला मुदत घालून दिलेली आहे. ती संपत आली की इथली संसद ती वाढवून देते. दर वेळी. मंडळ काय करतं, कुणाला कशासाठी परत आत पाठवतं, कुणी विचारत नाही. या वेळी विचारणार होते. ईशान ज्या खासदारबाईंकडे काम करतो त्या अट घालणार होत्या. माणसाला परत आत टाकण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या, आणि दर वर्षी संसदेपुढे येऊन जाब द्या. नाहीतर मुदतवाढ नाही. त्यासाठी भोगलेलं माणूस हवं होतं.

ईशान इथल्या नेपरव्हिल गावचा, घरचे मराठी, पण जन्म इथलाच. मराठी थोडं अडखळत बोलतो, पण बोलतो. तो आमच्या घरी आला. आईनं केलेलं वांग्याचं भरीत आणि भाकरी खाल्ली. तिला मावशी म्हणाला. मी आत गेल्यापासून मंडळातल्या, म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या, एकाही माणसानं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आई त्याला वाढतच राहिली.

"ताई, यू हॅव टू टेल धिस," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय हे होणार नाही."

मी सांगितलं. आई आत भांडी घासत होती तेव्हा आणखी एक सांगितलं. बाबा गेल्याचा निरोप आला त्या क्षणी तुरुंगात कैद्यांच्या मोजणीची वेळ झाली होती. मी रडत होते. गार्ड म्हणाली, गप्प हो आणि सरळ उभी राहा. मी उभी राहिले. हे मी आईला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या खुर्चीत आता एक प्रोफेसर बसले. "एका स्थलांतरित महिलेचं उदाहरण घ्या," त्यांनी वाचायला सुरुवात केली. हॉस्पिटल आलं. बाबा आले. मोजणी आली. त्या गार्डचं वाक्यसुद्धा आलं. सगळं माझं, फक्त मी नाही.

कॅमेरे चालू होते. घरी आई मोबाईलवर बघत होती. तिला वाटत होतं, लेक बोलणार.

मग मतदान. मंडळाला मुदतवाढ, कुठलीही अट नाही. सगळे एका सुरात हो म्हणाले. मी ईशानच्या खासदारबाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्याही हो म्हणाल्या.

ओरडावंसं वाटलं. दाराशी पोलीस होता. ओरडले असते तर त्यानं धरलं असतं. धरलं म्हणजे पॅरोल मोडला का, हे ठरवणार कोण? तेच मंडळ. मी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले आणि बसून राहिले. ते बसणं अजून अंगात आहे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाई हसत आल्या. ईशाननं फोटोसाठी फोन काढला होता.

"तुमच्या गोष्टीनं आम्हाला सगळ्यांना हलवून सोडलं," बाई म्हणाल्या. हात पुढे केला.

मी हात दिला नाही. "गोष्ट माझी होती," मी इंग्रजीत म्हणाले. "मत तुमचं होतं. ते तुम्ही कुणाला दिलंत?"

त्या ईशानकडे बघायला लागल्या.

"ताई, इट्स पॉलिटिक्स," तो हळूच म्हणाला. "आत्ता एवढंच शक्य होतं. नेक्स्ट टाइम नक्की."

"नेक्स्ट टाइम मला ताई म्हणू नकोस," मी म्हणाले. "आणि फोन खाली कर."

त्यानं केला.

घरी आले तर आई मोबाईल बंद करून बसली होती. तिनं मत-बित काही विचारलं नाही.

"तुला रडूपण दिलं नाही का गं?" एवढंच म्हणाली.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. मंडळाची चीड होतीच. पण मंडळानं मला कधी ताई म्हटलं नव्हतं. ईशान घरात येऊन, जेवून, आईच्या पोटात सुरी खुपसून गेला.

पुढच्या आठवड्यात मी सुटून आलेल्या बायकांच्या गटात गेले आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. आता आम्ही एकेका खासदाराच्या ऑफिसात जातो. भेट देत नाहीत, तर दाराबाहेर उभ्या राहतो. शांतपणे. पकडायला कारण मिळू देत नाही. एकटीला कुणी कुठे बोलावलं तर ती जात नाही. फोटो नाही. आमचं म्हणणं दुसऱ्या कुणी वाचायचं नाही.

ही मुदतही संपणार आहे. तेव्हा ते पुन्हा अशीच एक बाई शोधत येतील. ती त्यांना मिळणार नाही. आम्ही सगळ्या मिळू, आणि अट आमची असेल.