तेजाब सोसणारी बोटं

विट्याच्या स्टँडवर उपाशीपोटी तिसरा चहा पीत मी पित्ताची गोळी चघळत होतो. शेजारच्या आजोबांनी माझा कप हळूच बाजूला सरकवला. त्यांची नखं पिवळी पडलेली, बोटं तेजाबानं, म्हणजे अ‍ॅसिडनं, भाजलेली. उभी हयात परमुलखात सोनं गाळण्यात गेली होती.

"तेजाबातनं काढलेलं सोनं आमी पाण्यानं धुत बसायचो. तू तर तेजाबावर तेजाब वततुयास, गड्या. सोनं सोसतंय रं, आतडं न्हाई सोसत."

मग फडक्यातली एकुलती भाकरी मोडून त्यांनी अर्धी मला दिली, वर काकडी. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. नाव विचारायचं राहिलं.

आता मी रोज चहाआधी भाकरी खातो. पोट शांत असतं. आजोबा मात्र त्या दिवशी अर्धपोटीच गेले.