उकंडरावांच्या बकऱ्यांचं पथ्य

हिंगोलीकडच्या गोरेगावात पार्वतीबाईच्या घरी चांदी आणि हरणी अशा दोन बकऱ्या होत्या. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. या बकऱ्यांची आई व्याली नि मेली, तेव्हा पार्वतीबाईच्या सासूनं त्यांना बोळ्यानं दूध पाजून जगवलं. पुढं सासूही गेली. त्यामुळं सासरे उकंडराव बकऱ्या विकायचा विषय काढू देत नसत.

पण बकऱ्या फुगतच चालल्या. चार पावलं चालल्या की धापा टाकत. गाभण राहण्याचं नावच नव्हतं. शेजारच्या शकुबाईनं चांदीच्या बरगड्या चाचपल्या, तर एकही बोटाला लागेना.

"चरबी चढली हिला," ती म्हणाली. "दाणा बंद कर. भाकर तर दाखवूच नको. बाभळीचा पाला टाक आन् रोज चालीव."

पार्वतीबाईनं दाणा बंद केला, चुनीचं पोतं माळ्यावर टाकलं. तरी फरक पडेना.

तिला दुसरीही काळजी होती. सासरे वाळत चालले होते. दोन भाकरी संपवून तिसरी मागत, तरी बंडी अंगावर लोंबत होती. "बाबाला आतून काही लागलंय," तिचा नवरा संतराम म्हणायचा. हिंगोलीच्या दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हातारा उठून बाहेर जायचा.

एका दुपारी ती ताक द्यायला ओसरीवर आली आणि दारातच थांबली. उकंडराव वरण पीत होते. भाकरीचे कोरडे तुकडे मात्र एक चांदीला, एक हरणीला चालले होते.

सासऱ्यापुढं बोलायची सुनेला रीत नव्हती. तिनं पदर ओढला आणि दाराआडून विचारलं, "मामाजी, त्यायचं पथ्य चालू हाय. तुमी काहून भाकर चारून राहिले?"

म्हाताऱ्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "दात न्हाई राहिले, बाई. चावतच न्हाई."

"मग सांगायचं न्हाई का?"

"तुझी सासू न सांगता कुस्करून वाढायची. सुनेला कसं म्हणू, लेकरावानी मऊ करून दे म्हणून? ताटात टाकली असती, तर तुला वाटलं असतं सैपाक बिघडला."

पार्वतीबाई उंबऱ्याशीच खाली बसली. "एवढंच व्हय?" म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. रोग नव्हता, नुसते दात पडले होते.

त्या संध्याकाळी तिनं ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात कालवल्या. म्हाताऱ्यानं ताट चाटूनपुसून खाल्लं. संतरामनं ते पाहिलं आणि किती तरी दिवसांनी तोही पोटभर जेवला.

बकऱ्या जेवणाच्या वेळी अजून ओसरीवर येऊन ओरडत. "मला काय बघता? मालकीण आत हाय," असं सांगून उकंडराव तोंड फिरवत. अंगात बळ आलं तसे ते स्वतःच त्यांना ओढ्यापलीकडच्या माळावर नेऊ लागले. उन्हाळ्याच्या तोंडाला हरणी गाभण राहिली.

चांदी मात्र गाभण राहिली नाही. पण एक दिवस शकुबाई तावातावानं आली. चांदीनं कुडावरून उडी मारून तिचा दोडक्याचा वेल फस्त केला होता.

"उडी मारली?" उकंडरावांनी विचारलं. "एवढ्या उंच कुडावरून?"

"व्हय तर."

म्हाताऱ्यानं आत हाक दिली, "पार्वती, शकुबाईला बसायला टाक. च्या ठेव."