भाऊजी आणि चार नंबरचा ड्रायर

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, गेली एकोणीस वर्षं लाँड्री चालवतात. माणूस इतका गरीब, की एखाद्याने दुसऱ्याचा कोट आपला म्हणून उचलला तरी हे त्याला दार उघडून देतील. ताई इस्त्री करते, मी बटणं लावते आणि उसवलेलं शिवते. वरच्या मजल्यावर भाऊजींची आई राहते. मी त्यांना मावशी म्हणते. माझं तोंड तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते.

दुपारी दुकान दोन तास बंद असतं. तेव्हा आम्ही तिघं मागच्या खोलीत गाणं-बजावणं करायचो. ताई गायची, मी अकॉर्डियन, भाऊजी ड्रम. कोपऱ्यात चार नंबरचा ड्रायर हॉटेलची ब्लँकेटं फिरवत असायचा आणि वरून मावशी काठी आपटायच्या, "कान किटले गं बाई माझे! दुसरे धंदे नाहीत का तुम्हाला?"

अशी दोन वर्षं गेली. मग ताईने हौस म्हणून एका आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेला आमचं गाणं पाठवलं आणि तिथल्या लोकांची मती फिरली की काय कोण जाणे, आम्हाला चक्क बोलावणं आलं. नियम कडक होता. गाणं तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे, एक सेकंद वर गेला की बाद. आम्हाला कसली धास्ती? आमचं गाणं दोन मिनिटं बावन्न सेकंदांत संपायचं, कधीही मोजा.

परदेशातल्या त्या हॉलमध्ये सकाळी तालीम झाली. तीन मिनिटं चौदा सेकंद. पुन्हा वाजवलं, तीन मिनिटं बारा.

"दुपारी असं झालं तर मला काही करता येणार नाही," स्टॉपवॉचवाली बाई म्हणाली. "आमच्याकडे एक ड्रमर आहे. तुमच्याऐवजी त्याला बसवू का?"

भाऊजींनी तोंड उघडायच्या आत मी, देवाने दिलेली जीभ आवरता येईल तर शपथ, म्हणाले, "बसवा. भाऊजी, तुम्ही चादरी मोजा, ताल मोजणं तुमचं काम नाही."

"खरंय तुझं," ते म्हणाले आणि काठ्या खाली ठेवल्या. एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं.

ताई माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "नाव माझ्या नवऱ्याचंच राहील," तिने त्या बाईला सांगितलं. "बाद झालो तर झालो."

आता सगळं भाऊजींच्या डोक्यावर आलं. चुकले तर ताईचं गाणं त्यांच्यामुळे बुडणार आणि उरलेला जन्म ते स्वतःला माफ करणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. स्टेजमागच्या खोलीत ते गुडघ्यावर बोटं आपटत बसले होते. एकदम म्हणाले, "इथे फार शांत आहे गं."

"मग?"

"चार नंबर नाही इथे."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ड्रायरच्या प्रत्येक फेरीला ओली ब्लँकेटं धप्प करून पडायची. दोन वर्षं आम्ही त्या धप्पवर वाजवत होतो आणि तिघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. इतके बावळट आम्हीच असू शकतो.

भाऊजींनी घरी फोन लावला. "आई, चार नंबरमध्ये सहा ओली ब्लँकेटं टाक. मी सांगितलं की खुंटी फिरव आणि फोन तिथेच ठेव."

"मला गुडघ्यांचं दुखणं, आणि तू मला जिना उतरायला लावतोस?"

"एवढं एकदाच, आई."

स्टेजवर सगळ्यांच्याच कानात काही ना काही असतं. भाऊजींनी फोनची वायर शर्टातून वर घेतली. पण तो ड्रायर जुना. दहा मिनिटांनी बंद पडतो आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. घरी तो थंड होईपर्यंत आमचाही चहा व्हायचा. म्हणून आमच्या आधीचं गाणं सुरू झाल्यावरच भाऊजी हळूच म्हणाले, "आई, फिरव."

आणि त्या गाण्यात गिटारची तार तुटली! नवी तार, जुळवाजुळव, पुन्हा पहिल्यापासून गाणं. त्यावर निवेदिकेचं कौतुकपुराण. मी मनात मिनिटं मोजत होते. आम्ही जागेवर उभे राहिलो तेव्हा साडेआठ मिनिटं झाली होती. भाऊजींनाही हिशेब कळत होता. त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं, पण काठ्या उचलल्या त्यांनी.

पहिलं कडवं झकास गेलं. दुसरं सुरू व्हायच्या बेतात भाऊजींच्या भुवया वर गेल्या. बंद पडला मेला! मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. आता ढेपाळतील, आता ढेपाळतील. एक ठोका किंचित अडखळला. ताईने मागे वळून पाहिलं. आणि पुढचा ठोका बरोब्बर जागेवर पडला, त्याच्या पुढचाही. तिसरं कडवं संपेपर्यंत माणूस तसूभर हलला नाही.

दोन मिनिटं त्रेपन्न. स्टॉपवॉचवालीने आमच्या नावापुढे बरोबरची खूण केली. लोक टाळ्या वाजवत होते आणि भाऊजी कानावर हात दाबून तसेच बसले होते, डोळे भरलेले.

मी धावत गेले. "भाऊजी, चुकलं माझं. सकाळी बोलले ते... पण ड्रायर बंद पडला ना?"

"पडला."

"मग वाजवलंत कसं?"

त्यांनी कानातलं काढून माझ्या कानाला लावलं. धप्प, धप्प, धप्प. हा आवाज ब्लँकेटांचा नव्हता. कुणीतरी तळहाताने पत्र्यावर थापा मारत होतं आणि सोबत बसक्या आवाजात ताईचं गाणं म्हणत होतं. तिसरं कडवं, शब्दन् शब्द बरोबर. मावशी!

"मावशी, थांबा! झालं!" मी ओरडले.

थापा थांबल्या. त्यांना चांगलीच धाप लागली होती.

"झालं? जमलं का त्याला? नसेल तर सांग, पुन्हा घेऊ. उजवा हात सुजलाय, पण डावा चांगला आहे अजून."