सासूच्या नावापुढं ‘संदर्भ हवा’

जळोचीत सोनबा मारकडांसमोर कुणी बेधडक विधान करत नाही. त्यांना कुणी घाबरतं असं नाही. माणूस किडकिडीत, आवाज मवाळ, मिशासुद्धा बेताच्याच. पण चहाच्या टपरीवर कुणी सहज म्हणालं, “असला उन्हाळा पन्नास वर्सांत न्हाय बघितला,” की सोनबा कप खाली ठेवून विचारतात, “कुठं छापून आलंय?” मग बोलणाऱ्याचा चहा तिथंच गार होतो.

ही खोड नोकरीतली. तीस वर्षं ते कालव्यावर पाटकरी होते. पाण्याची पाळी कुणाची यावरून बांधावर कुऱ्हाडी निघायच्या, दोन्हीकडचे लोक देवाशपथ पाळी आपलीच म्हणायचे, आणि सोनबा मधोमध उभे राहून काखेतली वही उघडायचे. वहीत ज्याचं नाव त्याच्या रानाला पाणी. आणि वहीतच घोळ असला, तर निकाल लागेपर्यंत पाणी दोघांनाही नाही. एकदा याच नियमानं त्यांनी सख्ख्या थोरल्या भावाचं पाणी अडवलं होतं. भाऊ दोन वर्षं बोलला नाही.

निवृत्त झाल्यावर सुनेनं, योगिनीनं, आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला आणि विकिपीडिया दाखवला. म्हणाली, “आबा, हितं कुणीबी लिहू शकतं.” सोनबांना धक्काच बसला. कुणीही? पहिल्याच दिवशी त्यांनी कालव्याकाठच्या एका गावाचा लेख उघडला. ‘येथील विहिरींचे पाणी अमृतासारखे गोड आहे.’ ते पाणी सोनबा सहा वर्षं प्यायले होते. त्यात डाळ शिजत नव्हती. त्यांनी योगिनीला विचारून त्या वाक्यापुढं चौकटी कंसात दोन शब्द लावले: ‘संदर्भ हवा’. त्या दिवशी त्यांना नोकरी परत मिळाल्यासारखं वाटलं.

तिथं फुकट राबणाऱ्यांच्या नाना तऱ्हा. कुणी लेखामागून लेख पाडतात, कुणी भांडायलाच येतात, कुणी नुसते फोटो चढवतात. सोनबांनी आठ वर्षांत एकही लेख स्वतः लिहिला नाही. ‘पाटकरी’ या नावानं अकरा हजार दुरुस्त्या मात्र केल्या, आणि त्यातल्या निम्म्या याच दोन शब्दांच्या. ‘सुप्रसिद्ध’, ‘जागृत देवस्थान’, ‘पंचक्रोशीत नावाजलेले’, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. “लिवणारं लय हायती,” ते म्हणायचे, “इचारणारं कुणीतरी पायजे का न्हाय?”

हे सगळं दुसऱ्यांच्या गावांपुरतं होतं तोवर घरात शांतता होती.

त्यांची बायको सारजा ही डाळजकडच्या कोकरेवस्तीची लेक. यंदाच्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या कुणीतरी वस्तीचा लेख लिहिला. त्यात वाक्य होतं: ‘येथील पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात बनाबाई कोकरे यांनी पाचशे बायका घेऊन खोदला.’ बनाबाई म्हणजे सारजाची आई. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. सारजानं ते वाक्य योगिनीकडून तीनदा वाचून घेतलं आणि पदरानं डोळे टिपले. चार दिवसांनी दुसऱ्या कुणी खाली लिहिलं: ‘तलाव तत्कालीन सरपंच मानसिंगराव यांनी बांधला.’ मानसिंगरावांचा मुलगा मोहनराव आता गावात वजनदार असामी. तलावाच्या भरावावर नावाचा फलक लागणार होता आणि कुणाचं नाव घालायचं हे ग्रामसभेत ठरायचं होतं. म्हणजे हा नुसता लेखाचा मामला उरला नव्हता.

सोनबांनी दोन्ही वाक्यं वाचली. एक तलाव, दोन दावेदार, छापील पुरावा कुणाचाच नाही. त्यांनी दोन्ही वाक्यं काढून टाकली.

“आईचं नाव पुसलंसा?” सारजा म्हणाली. हातातलं ताट तसंच राहिलं.

“वाद हाय तवर पाणी कुणालाच न्हाय.”

“मी तितं हुते की! डोक्यावर बारकी पाटी घिऊन. मी लेक हाय तिची, माझा शबूद पुरं न्हाय?”

“लेकीचा शबूद तितं चालत न्हाय, सारजे.”

त्यानंतर सारजानं जेवण वेळेवर वाढलं, पण बोलणं बंद केलं. वस्तीवर बातमी गेली. जावयानंच सासूचं नाव पुसलं म्हणून लोक हसले. आणि नेमका धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना जावयांचा. सासुरवाडीहून बोलावणं येतं, तूप सोडलेले पुरणाचे धोंडे वाढतात, कपडे करतात. लग्नाला चाळीस वर्षं झाली, सोनबांचा असा एक महिना चुकला नव्हता. यंदा मेहुण्याचा, दादासोचा, फोन आला नाही. सोनबांनी फोन दोनदा चार्ज करून पाहिला.

खरं तर बनाबाईवर त्यांचा जीव होता. त्यांनी तिचे तळहात पाहिले होते. घट्ट्यांनी इतके जाड झाले होते की ती तव्यावरची भाकरी सरळ हातानं उलटायची. तलाव तिनंच खोदवला, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण आपला विश्वास दुसऱ्यानं का मानावा, हे त्यांना कळत नव्हतं. तिचं नाव टिकायचं तर असं टिकावं की मोहनरावच काय, कुणालाच ते हलवता येऊ नये.

सोनबा रोज सकाळी बारामतीच्या एका जुन्या वाचनालयात जाऊन बसू लागले. तिथं एका स्थानिक साप्ताहिकाचे बांधीव अंक होते, धूळ खात पडलेले. बहात्तरचा दुष्काळ, म्हणून त्यांनी बहात्तर सालाचा अंक न् अंक चाळला. खडी फोडणं आलं, सुकडीचं वाटप आलं, गुरांच्या छावण्या आल्या, कोकरेवस्ती नाही. अकराव्या दिवशी शेवटचा अंक मिटून ते घरी आले आणि न जेवता ओसरीवर बसले. गेलं ते नाव, असं त्यांना वाटलं.

मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. तीस वर्षं पाण्यात काढून ही चूक! दुष्काळाला सगळं जग बहात्तरचा म्हणतं. पण पाऊस बहात्तरला गेला, तर कामं ऐन जोरात चालणार ती पुढच्या उन्हाळ्यात. लोकांच्या तोंडच्या सालावर, संदर्भ न मागता, पहिल्यांदाच विश्वास ठेवला होता तो खुद्द सोनबांनी.

त्र्याहत्तरच्या मे महिन्याच्या अंकात, तिसऱ्या पानावर, बातमी सापडली. सरपंच मानसिंगराव यांच्या अर्जावरून काम मंजूर झालं होतं. मुकादम उन्हाला कंटाळून निघून गेला, तेव्हा श्रीमती बनाबाई कोकरे यांनी त्र्याऐंशी बायकांची टोळी हाती घेऊन भराव पुरा केला होता. सोनबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. वाचनालयात बोलायची बंदी असताना ते मोठ्यानं म्हणाले, “शाब्बास, आत्याबाई!”

घरी त्यांनी बातमीची झेरॉक्स वाचून दाखवली. सारजा महिनाभरानं बोलली.

“पाचशेच्या त्र्याऐंशी झाल्या.”

“त्र्याऐंशीच हुत्या.”

“आन् त्या मानसिंगरावाचं कशाला घालताय?”

“छापलंय.”

“घाला,” ती म्हणाली. “आईनं बी कुणाचं बुडवलं नव्हतं.” सोनबांनी मग आयुष्यातली पहिली दोन वाक्यं विकिपीडियावर लिहिली, दोन्हींना अंकाची तारीख आणि पान लावून.

अधिक महिन्याच्या शेवटच्या रविवारी वस्तीवरच्या देवळापुढं ग्रामसभा भरली. सोनबा जावई, म्हणून कडेला बसले. मोहनराव उभे राहिले. “उभ्या गावाला ठावं हाय, तलाव आमच्या वडलांनी बांधला. ह्यात इचारायचं काय?”

बायकांतून सारजा उठली. लेकीला माहेरात बोलायला कुणी अडवत नाही.

“मोहनराव,” ती म्हणाली, “संदर्भ हाय का?”

अख्खी सभा हसली. मोहनराव लाल झाले. सोनबा हळूच उठले आणि झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. “हाय. तुमच्या वडलांचाबी हाय.”

मोहनरावांनी कागद वाचला, वडलांच्या नावावर बोट ठेवून पुन्हा वाचला. “ह्या अर्जाचं आमच्या घरात कुणाला ठावंच नव्हतं,” ते म्हणाले. आवाज पार उतरला होता. “बनाबाईचं नाव वर घाला. वडलांचा अर्ज तेवढा खाली लिवा.” हात सगळ्यांचेच वर झाले.

त्या दुपारी दादासोच्या घरी धोंडे झाले. दादासोनं दाजींना नवा फेटा बांधला, ताटात तुपाची धार सोडली आणि म्हणाला, “दाजी, तुमच्यासारखा जावई उभ्या इंदापूर तालुक्यात न्हाय.”

सोनबांचा घास तोंडाशी थांबला. ओठ हलले. चाळीस माणसं हसू दाबून वाट बघत होती.

“गप जेवा,” सारजा म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला. “मी सांगती म्हणून. माझा शबूद तितं चालत नसंल, हितं चालतो.”

सोनबांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं घास घेतला.