अकरा जण पूर्ण समाधानी

माझ्यासारखा शहाणा जत तालुक्यात दुसरा न्हाई, असं मला परवापतुर वाटायचं. माझं झेरॉक्सचं दुकान हाय. झेरॉक्स नावाला, खरा धंदा फॉर्म भरायचा. गावातल्या कॉलेज शिकणाऱ्या पोरांच्या अर्जात नंबर मी माझाच टाकतो. त्यांच्या घरात रेंज न्हाई, ओटीपी यायचा कुणाला? आलेली लिंक मी पुढं धाडतो.

त्यातली एक स्वप्नाली. धनगराची पोर, विद्यापीठाच्या ऑनलाइन बीएच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळी झाली की तिचं घरदार मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतं. पण रविवारी हायस्कुलात विद्यापीठाचे सर शिकवायला यायचे, तेवढ्यापायी गेल्या साली आईबापानं हिला चुलत्याकडं गावात ठेवली. बाकी दिवस तास मोबाईलवर. त्याला ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसायची, आन सरांचं तोंड पडद्यावर थिजलं की खाली उतरायची. तिला कळायचं ते रविवारीच.

दसऱ्याच्या सुमाराला माझ्या फोनवर विद्यापीठाचे अकरा मेसेज आले, पोरागणिक एक. ऑनलाइन शिक्षणाबद्दल आपण किती समाधानी आहात? आजच शेवटची तारीख. आता पोरं कुठं हुडकत बसू? अकरा जणांच्या नावानं मी ‘पूर्ण समाधानी’ दाबून मोकळा झालो. आवं, वरच्यांच्या कागदावर तक्रार कोण लिवतं? उद्या मार्क कापलं म्हंजे? मला वाटलं, पोरांचं भलंच केलं.

महिन्यानं विद्यापीठाचं पत्र आलं. विद्यार्थी समाधानी आहेत, सबब रविवारचे वर्ग बंद.

तिची आई चंद्राबाई म्हणाली, शाळा मोबाईलातच हाय तर मेंढरामागंबी होईल की, चल आमच्यासंगं. त्या माऊलीचं काय चुकलं?

निघायच्या दिवशी पोरगी दुकानात आली.

“नाथादादा, मला कुणी इचारलंच न्हाई. मग समाधानी कोण झालं?”

सांगितलं तिला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं एवढंच इचारलं, आता बदलता येतंय का? मी तीन अर्ज केले, फोनवर फोन लावले. उत्तर एकच, मत विद्यार्थ्यांनी स्वतः दिलंय, बदलता येत न्हाई. करून सवरून मीच बसलोय.

आता ती तिकडं कृष्णाकाठाला, कुंडलच्या रानात हाय. तिथं रेंज लय झकास. पण फोनकडं बघितलं की मेंढरं लोकाच्या उसात शिरत्यात, आन बोलणी बापाला खावी लागत्यात. तिनं फोन पिशवीत टाकला तो टाकलाच.

हजेरी भरली न्हाई तर नाव कापणार. म्हणून रोज सकाळी अकराला तासाची लिंक मीच उघडतो, तिच्या नावानं. गिऱ्हाईकाचे कागद काढत बसतो. तास संपताना सर इचारतात, “स्वप्नाली, काही शंका?”

मी माईक बंदच ठेवतो.